हद्द पुसलेल्या नाक्यावर

"वहिनींना काय विचारायचंय त्यात? त्यांचं सामान एका बोचक्यात मावेल."

बाबा आईला सांगत होते. दोघं माजघरात, मी बाहेर ओसरीवर खोक्यांच्या आड, हातात काळ्या रंगाचा ब्रश. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं, नया बाजारातलं आपलं घर सध्या गोदामासारखं झालंय, काका. बाबांचं दफ्तर नव्या राजधानीला, भोपाळला चाललंय आणि दफ्तरामागे आम्ही. खोकी तीच, तुमच्या ओळखीची. मध्यभारताच्या दिवसांत राजधानी सहा महिने इथे आणि सहा महिने इंदूरला असायची, तेव्हा बाबा याच खोक्यांतून फायली आणि आपली भांडी न्यायचे, आणायचे. एकेका फळीवर ग्वाल्हेर खोडून इंदूर, इंदूर खोडून ग्वाल्हेर, किती थर आहेत. मी त्या सगळ्यावर जाड रेघ मारून भोपाळ लिहितेय. इंग्रजीत. माझं अक्षर तेवढंच बरं येतं, असं बाबांना वाटतं.

तुम्हाला जाऊन सोळा दिवस झाले. पाहुणे गेले. काकू मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसते आणि कुणी पुढे ठेवलं तर खाते. बाबांनी ठरवलंय की तिला आमच्याबरोबर भोपाळला न्यायचं, आणि तुमचं रानातलं घर तिथल्या पटवाऱ्याला देऊन टाकायचं. त्याला कडबा ठेवायला जागा हवीच आहे. बाबा वाईट नाहीत, तुम्हाला माहीत आहे. "पक्कं मकान मिळणार आहे, बिजली आहे, नळ आहे, वहिनींचे हाल तरी संपतील," असं ते म्हणतात, आणि म्हणताना त्यांचा आवाज खरोखर हळवा होतो. पुढच्या सोमवारी निघायचं आहे.

तर मी ब्रश धरून उभी होते, आणि मला रडू यायच्या ऐवजी तुमच्याशी भांडावंसं वाटलं. आपलं भांडण अर्धं राहिलंय. ते नंतर. तुमच्याबद्दल लिहायला बसले की माझ्या मनात आधी भलतंच काहीतरी होतं. शाळा सुटल्याची घंटा झाल्यावर व्हायचं तसं. ते आधी लिहून घेते.

तुमचं ते घर मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, आपण चुकीच्या ठिकाणी उतरलो. छोट्या लाइनीची गाडी दिवसभर खडखडत शिवपुरीला आली होती, मग बस, मग तीन कोस बैलगाडी. आणि सगळ्याच्या शेवटी एक दगडी खोली, तिला लागून दुसरी, वर दगडी फरशांचं सपाट छप्पर, समोर एक खांब. खांबाला आडवा बांबू लावायची खाच होती. बांबू नव्हता. तो जकात नाका होता. इकडे आपलं संस्थान, पलीकडे दुसरं एक टीचभर संस्थान, आणि मधून जाणाऱ्या प्रत्येक गाडीतलं तूप, कापूस, गूळ तपासायला हा नाका. नोकरीच्या पहिल्या वर्षी तुमची नेमणूक तिथेच होती, एवढं आम्ही ऐकून होतो. मग दोन्ही संस्थानं विलीन झाली, हद्द गेली, नाका लिलावात निघाला. तुमच्या खात्यात इंदूरवाले आणि ग्वाल्हेरवाले यांची ज्येष्ठतेची एकच यादी झाली, आणि तुमच्या हाताखाली शोभला असता असा एक गृहस्थ तुमच्या डोक्यावर बसला. तुम्ही मुदतीआधी पेन्शन घेतली, नाका घेतला आणि काकूला घेऊन निघून गेलात. इथे लष्कर भागात सगळे म्हणाले, यादीनं माणसाचं डोकं फिरवलं.

तुम्ही कुणाचंच म्हणणं खोडून काढलं नाहीत. उलट कुणी विचारलं की सांगायचात, "हो ना, फिरलंय खरं."

"बेबीसाहेब, बाहेरच्या फक्त चार वस्तू या घरात येतात," तुम्ही मला पहिल्या संध्याकाळी सांगितलंत. मीठ, काड्यापेटी, कंदिलाचं तेल आणि पोस्टाची तिकिटं. बाकी सगळं इथेच पिकवायचं, विणायचं, नाहीतर त्याच्यावाचून राहायचं. मी मान हलवली. मी नेहमी मानच हलवते. आमच्या शाळेत सिस्टर म्हणायच्या की या मुलीला तोंड आहे की नाही. पण आत माझं काळीज धडधडत होतं, काका, भीतीनं नाही. दर्पण कॉलनीतल्या माझ्या मैत्रिणीकडे तेव्हा नुकताच विजेचा पंखा आला होता आणि आम्ही सगळ्या तो बघायला गेलो होतो. आणि इथे एक माणूस मला सांगत होता की कंदिलाचं तेलसुद्धा त्याला यादीतून काढायचंय.

आणि तुम्ही काढायचा प्रयत्न केलातही. करंजाच्या बियांचं तेल. आपण दोघांनी तीन दिवस बिया कुटल्या, माझ्या तळहातांना फोड आले, आणि वाटीभर तेलाचा दिवा लावल्यावर घरात असा वास भरला की बाहेर बांधलेली गाय हंबरायला लागली. काकूनं दिवा उचलून खांबापाशी नेऊन ठेवला. "हा इथे जळू दे," ती म्हणाली, "येणाऱ्या-जाणाऱ्याला कळेल इथे माणसं राहतात, आणि कोणी आत येणार नाही." तुम्ही इतके हसलात की ठसका लागला.

आणि ते गाडीवाले. ते मी कुणालाही सांगितलं की मी खोटं बोलते असं म्हणतात. नाका उठून इतकी वर्षं झाली, तरी जुने गाडीवाले खांबापाशी आले की थांबायचे. गाडी उभी करून हाक मारायचे, "बाबूजी, देख लो." तुम्ही धोतर सावरत बाहेर जायचात. एकदा एक म्हातारा गाडीवाला आला तेव्हा मी दारात उभी होते. तुम्ही म्हणालात, "अरे भैया, अब काहे का देखना? रियासत ही चली गई."

म्हातारा खाली उतरलासुद्धा नाही. "चली गई होगी बाबूजी. बैलों को कौन बताए."

मग तुम्ही गाडीभोवती एक फेरी मारलीत, काठीनं गोणीला टोचलंत, गंभीरपणे म्हणालात, "जाओ." आणि गाडी निघाली. पण त्या फेरीत तुम्ही सगळं विचारून घेतलंत. कुठल्या गावात ताप आहे, कुणाची मुलगी कुठे दिली, नदीला पाणी किती. तुमचं वर्तमानपत्र ते होतं. कुणी भोपळा काढून दिला, कुणी ऊस, तर तुम्ही हात मागे घ्यायचात. मला सांगितलंत, "जकातवाल्यानं भोपळा घेतला तरी ती जकातच होते." मला हे फार आवडलं होतं. मी ते माझ्या डायरीत लिहून ठेवलंय, इंग्रजीत, आणि इंग्रजीत ते अगदी पिचकं दिसतं.

आता माझी फजिती. ती तुम्ही कुणाला सांगितली नाहीत, म्हणून मी सांगते.

गेल्या थंडीत नाताळच्या सुट्टीला मी आले होते. तुमच्या छपरावरचं पाणी दगडी पन्हाळीतून खालच्या टाक्यात यायचं आणि तेच वर्षभर प्यायला, हे मला माहीत होतं. पण मला काकूला काहीतरी करून दाखवायचं होतं. लष्करात लहानपणी मी ऐकलेलं एकच काम मला घरकाम म्हणून ठाऊक होतं: सारवण. आपल्या लोकांत चांगली मुलगी म्हणजे सारवणारी. अंगण काकूनं आधीच सारवलेलं होतं. मग मी शिडीनं वर चढले आणि फरशांच्या फटी बुजतील म्हणून अख्खं छप्पर शेणानं सारवून काढलं. कडेला बोटांनी नक्षीसुद्धा काढली. खाली येऊन मी कुणाला काही बोलले नाही. सकाळी दिसेल आणि कौतुक होईल, असा बेत.

दोन दिवस कुणी वर चढलंच नाही, आणि तिसऱ्या दिवशी थंडीतला पाऊस, मावठ झाली. भर दुपारी आभाळ काळं झालं आणि तासभर सरळ धार. तुम्ही पन्हाळीखाली हात धरून आनंदानं उभे होतात, आणि तुमच्या हातावर हिरवं पाणी पडायला लागलं.

तुम्ही वर बघितलंत. मग माझ्याकडे. मला आजही ते आठवलं की कान तापतात. टाकं पूर्ण भरलं होतं, काठोकाठ, शेणाच्या पाण्यानं.

काकूनं दोन घागरी उचलल्या, एक माझ्या हातात दिली आणि चालायला लागली. अर्ध्या कोसावर ओढ्याच्या काठी एक झिरा होता, तिथून वस्तीतल्या बायका पाणी भरायच्या. तुमच्या नियमात तो झिरा बसत नव्हता. आपलं पाणी आपल्या छपराचं, असं तुम्ही म्हणत होतात. माझी सुट्टी संपेपर्यंत आठ दिवस आम्ही दोघींनी तिथून पाणी वाहिलं, आणि टाकं उपसून, घासून, चुना लावून काढलं. पहिल्याच दिवशी झिऱ्यावर कस्तुरी भेटली. वस्तीतली, काकूच्याच वयाची, हातभर गोंदलेली. तिला आधीच सगळं कळलं होतं. "काय बिन्नू," ती मला म्हणाली, "छत पे कौन की पंगत बैठने हती?"

सगळ्या बायका हसल्या. आणि काकू हसली. काका, मी काकूला असं हसताना कधी ऐकलं नव्हतं. लष्करातल्या घरात ती तोंडाला पदर लावून हसायची, तेही अर्धं. इथे तिनं घागर खाली ठेवली, कमरेवर हात घेतले आणि कस्तुरीला तिच्याच बोलीत काहीतरी उत्तर दिलं, त्यावर सगळ्या पुन्हा हसल्या. त्या दोघी एकमेकींना फार वर्षांपासून ओळखत असाव्यात असं त्यांचं चाललं होतं. मी हे सगळं पाहिलं. मी बोलत नाही पण पाहते, असं तुम्हीच म्हणायचात. पाहिलं, आणि त्याचा अर्थ मात्र उलटा लावला. मला वाटलं, बिचारी. बोलायला कुणी नाही म्हणून पाणवठ्यावर हसून घेतेय.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. म्हणजे माझ्या डोक्यात. तोंडात यायला त्याला पुढची दिवाळी लागली.

ती शेवटची संध्याकाळ. आपण चुलीभोवती बसलो होतो, ओला लाकूडफाटा धुमसत होता, काकू खोकत होती आणि भाकरी थापत होती. तुम्ही मोठ्या उत्साहात सांगत होतात की पुढच्या वर्षी चरख्याच्या शेजारी माग बसवायचा, मग घरचं सूत विणायलाही बाहेर द्यायला नको. काकूचे डोळे धुरानं लाल झालेले मला दिसत होते. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही काकूला कधी विचारलं होतंत?"

"काय?"

"तिला हे सगळं हवंय का ते. तुमचं स्वावलंबन, आणि पीठ दळते ती."

इतकं लांब वाक्य मी तुमच्यासमोर कधी बोलले नव्हते. तुमच्या हातातली फुंकणी तशीच राहिली. तुम्ही काकूकडे पाहिलंत. काकूनं मान अगदी थोडी हलवली, नाही म्हणून. मला वाटलं, धूर टाळतेय.

तुम्ही फुंकणी खाली ठेवलीत. "पुढच्या वेळी येशील तेव्हा सांगेन," म्हणालात. आवाज चिडका नव्हता. सकाळी तुम्ही मला बसपर्यंत पोचवायला तीन कोस चालत आलात. वाटेत पळसाच्या पानांबद्दल बोललात, तितरांबद्दल बोललात, त्या गोष्टीबद्दल एक शब्द नाही. बस सुटताना खिडकीतून माझ्या मांडीवर हरभऱ्याच्या पुरचुंडीसारखं काहीतरी टाकलंत. उघडून पाहिलं तर भाजलेल्या करंजाच्या बिया, आपल्या त्या दिव्याच्या. तुमची थट्टा. मी हसले नाही. मी रागात होते, आणि तुम्ही धुळीत हात हलवत उभे होतात.

पुढची वेळ आली नाही. तुम्हाला शिवपुरीच्या इस्पितळात आणल्याची तार आली, बाबा धावले, आणि मी तुम्हाला पाहिलंच नाही.

तर आज दुपारी ओसरीवर हे सगळं माझ्या डोक्यात होतं. बाबा बाहेर आले आणि म्हणाले, "बेबी, वहिनींच्या बोचक्यावरही एक चिठ्ठी लाव. भोपाळ लिही. गाडीत हरवायला नको."

मी ब्रश आणि पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन मधल्या खोलीत गेले. बोचकं काकूच्या शेजारीच होतं. दोन लुगडी, एक पितळी डबा, तुमचा चष्मा. आई दारात उभी होती, बाबा तिच्यामागे. मी खाली बसले. 'B' काढायला हात उचलला, आणि मला एकदम शरम वाटली. दिवाळीत मी तुम्हाला एवढं ऐकवलं होतं, आणि या सोळा दिवसांत मी स्वतः एकदाही काकूला काही विचारलं नव्हतं. तिच्या वतीनं मी तुमच्याशी भांडत होते, तिलाच न विचारता.

"काकू," मी म्हणाले, "तुला कुठे राहायचंय?"

"अगं, हे काय विचारणं झालं?" आई म्हणाली. "आत्ता त्यांना..."

काकूनं आईकडे पाहिलं नाही. ती माझ्याकडे पाहत होती. ती हसली. सोळा दिवसांत पहिल्यांदा, अर्धंच, पण पदराशिवाय.

"यांनी पण असंच विचारलं होतं," ती म्हणाली. "नाका लिलावात निघाला त्या दिवशी. दफ्तरातून आले, पगडी काढली नि म्हणाले, आता मला कुणाच्या हाताखाली राहवत नाही, तुला कुठे राहायचंय सांग. मी म्हटलं, तिथे. नाक्यावर."

बाबा पुढे आले. "वहिनी, म्हणजे ती कल्पना दादाची..."

"माझी, भाऊजी. लग्न होऊन मी सतराव्या वर्षी तिथे गेले होते, यांच्या नेमणुकीवर. एक वर्ष. घरात दोघंच. कस्तुरी तेव्हा नवी नवरी होती, मीही. त्या वर्षानंतर तीस वर्षं मी या खोल्यांमधून फिरले. कुणाचं वाईट म्हणत नाही. पण मला ते वर्ष परत हवं होतं."

"मग त्यानं सांगितलं का नाही कुणाला?"

"मीच सांगू नका म्हटलं. सून वेगळी निघाली म्हणून लोकांनी नावं ठेवली असती, सासूबाई होत्या तेव्हा. हे म्हणाले, मग मी वेडा झालो असं सांगू, ते लोक लगेच मान्य करतील."

काका, मला त्या क्षणी आधी हसू आलं. तुमच्याच आवाजात ते वाक्य ऐकू आलं. आणि हसू अर्ध्यावर आलं असतानाच दुसरं कळलं, की त्या संध्याकाळी मान हलवून तिनं तुम्हाला गप्प केलं होतं, आणि तुम्ही माझा आरोप गिळून दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर तीन कोस चाललात. तितरांबद्दल बोलत. इतकी वर्षं सगळ्या लष्करानं तुम्हाला वेडा म्हटलं आणि तुम्ही ते वेड आपल्या अंगावर घेऊन मजेत फिरलात, कारण त्याच्या आड एका बाईला हवं तसं जगता येत होतं. आणि मी, जी पाहते म्हणून तुम्हाला माझा अभिमान होता, मीच तुम्हाला जाब विचारला. माफी कशी मागायची ते मला माहीत नाही. तुम्ही समोर असतात तर मी मान हलवली असती आणि तुम्हाला कळलं असतं.

काकू बोलत होती. शेतात हरभरा उभा आहे, म्हणाली. कस्तुरी एकटी हरणं किती हाकलेल. गाय व्यायला आलीय. टाक्याचा एक दगड सैल झालाय, तो पावसाआधी बसवायला हवा. ती बोलत होती आणि तिचे हात जमिनीवर काहीतरी आखत होते, आणि तिच्या चेहऱ्यावर झिऱ्यावरचा रंग यायला लागला होता. बोचक्यावरचा पुठ्ठा मी उलटा करून ठेवला.

बाबा एका खोक्याच्या कडेवर बसले. त्यांना वाईट वाटलं होतं, पण त्याहून जास्त त्यांना काळजी वाटत होती, आणि ती खरी होती. "वहिनी, मी अडवणारा कोण," ते म्हणाले. "पण दादा होता तेव्हा गोष्ट वेगळी होती. वस्ती अर्ध्या कोसावर, बस तीन कोसांवर. एकट्या कशा राहाल?"

काकू उत्तर द्यायला तोंड उघडत होती. माझे हात रंगानं काळे होते. भोपाळच्या नव्या दफ्तरात माझ्यासाठी टाइपिस्टच्या जागेचा शब्द बाबांनी टाकलेला होता, माझं इंग्रजी चांगलं म्हणून. हे सगळं मला ठाऊक होतं. पण काका, मला दुसरंही ठाऊक होतं: माझं काळीज पुन्हा त्या पहिल्या संध्याकाळसारखं धडधडत होतं, आणि या वेळी नुसती मान हलवून भागणार नव्हतं.

"एकटी नाही, बाबा," मी म्हणाले. "मी जातेय तिच्याबरोबर. भोपाळला तुम्ही दोघंच जा."